रिफर्बिश्ड १२ टीबी हार्ड डिस्क: कॅसेटींच्या कामासाठी घ्याव्यात का?

गावभागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबड लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

मी १९९४ पासून लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचो. आता पाठ धरते, म्हणून घरीच बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. बहुतेक व्हीएचएस, थोड्या मिनी डीव्ही. हा धंदा मी ठरवून काढलेला नाही, २०१९ च्या महापुरानं काढायला लावला. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या तळमजल्याचं तर विचारूच नका. पाणी ओसरल्यावर गल्लीत अल्बम, गाद्या, धान्य सगळं एकाच ढिगात पडलेलं. त्यात एक शेजारीण चिखलानं भरलेली कॅसेट घेऊन आली, १९९६ सालच्या लग्नाची, शूटिंग माझंच. खोकं उघडलं, टेप डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुतली, पंख्याखाली सावलीत वाळवली, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात भरली. चालली! अंतरपाट धरलाय तिथं चित्राच्या वरच्या कडेला एक पट्टा थरथरतो, बाकी स्वच्छ. आणि त्याच कपाटात, त्याच फळीवर माझ्या दोन हार्ड डिस्क होत्या, ४-४ टीबीच्या. त्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

तर आता हिशोब. तीन तासांची कॅसेट मी लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावता उतरवतो, तासाला साधारण ३० जीबी. म्हणजे एका कॅसेटचे ९० जीबी. गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर पाच-सहा जीबीची फाइल देतो, पण मूळ माझ्याकडं ठेवतो, कारण वर्षभरानं कोणीतरी येतंच, "काका, पेनड्राइव्ह हरवला." आजपर्यंत २१० कॅसेटी झाल्यात, १९ टीबी. ते सगळं सध्या अकरा लहानमोठ्या डिस्कवर आहे आणि त्या डिस्क बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. डब्यावर चिकटपट्टी लावून नावं. हसू नका.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून भाव आलाय: १२ टीबी, रिफर्बिश्ड, एंटरप्राइझ (म्हणजे डेटा सेंटरसाठी बनवलेली), नगाला १४,५००, दुकानाची एक वर्ष वॉरंटी, आणि "झीरो अवर्स, एकदम कोऱ्यासारखी", म्हणजे डिस्क चालल्याचे तास शून्य. तशीच नवी २९,००० ला सांगतात. मला चार हव्यात, दोन मूळ आणि दोन त्यांची कॉपी. म्हणजे ५८ हजार की एक लाख सोळा हजार. पुण्यातला भाचा म्हणतो डोळे झाकून घ्या, डेटा सेंटरचा माल आहे. इथला एक जुना मित्र म्हणतो, जुनी म्हैस आणि जुनी डिस्क एकच, दूध आटल्यावरच बाजारात येते.

आधी एकदा पोळलोय. एका दुकानातून 'नवी' म्हणून घेतलेली २ टीबीची डिस्क सात महिन्यांनी वापरलेली निघाली. तेव्हा आधीच विचारतो: झीरो अवर्स हे चांगलं की वाईट? आणि व्यापाऱ्याला नेमकं काय विचारू?

---

कुपवाडचा सर्व्हरवाला

काका, आधी झीरो अवर्सचं. वाईट. रिफर्बिश्ड म्हणजेच वापरलेली, मग तास शून्य कसे? कोणीतरी मीटर मागं फिरवलाय. जुन्या गाडीचं रनिंग मागं फिरवतात तसंच. "हिचे ३५ हजार तास झालेत" असं तोंडावर सांगणारा व्यापारी मला परवडतो.

एक अपवाद आहे. डिस्क बनवणारी कंपनी स्वतः परत घेऊन, तपासून विकते, त्याला रीसर्टिफाइड म्हणतात. तिथं कंपनीच सगळे आकडे पुसून देते. पण तसं लेबलवर छापलेलं असतं, सीगेटच्या अशा डिस्कवर हिरव्या किनारीचं लेबल येतं. लेबल साधं आणि तास शून्य, तर ते काम दुकानात झालंय असं धरून चाला. 'रिफर्बिश्ड' या शब्दाला आपल्याकडं काहीच किंमत नाही. कोणी खरंच आठवडाभर तपासतो, कोणी ओल्या फडक्यानं पुसतो.

आता हा माल येतो कुठून? एक, डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे हजारो सर्व्हर असतात ती जागा. तिथं चार-पाच वर्षं झाली की चालू डिस्कसुद्धा काढून टाकतात, कारण तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच विजेत मोठी डिस्क बसते. हा माल वाईट नसतो. थंड खोलीत, एकसारख्या विजेवर चाललेला असतो. दोन, चिया. २०२१ मध्ये हार्ड डिस्कच्या मोकळ्या जागेवर चालणारं हे क्रिप्टो चलन निघालं आणि लोकांनी डिस्क ट्रकनं उचलल्या. भाव पडल्यावर तो सगळा माल बाजारात. गंमत म्हणजे त्या डिस्कवर एकदा फाइल भरली की नंतर नुसतं अधूनमधून वाचायचं असतं. तास भरपूर, झीज बेताची. पण पत्र्याच्या शेडमध्ये रॅकवर गच्च लावून तापवल्या असतील तर सांगता येत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हेच उघडकीला आलं. लोकांनी दुकानातून कोऱ्या म्हणून सीगेटच्या मोठ्या डिस्क घेतल्या, स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, तास जवळपास शून्य, आणि प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या. संशय चिया फार्मांवरच गेला. सीगेटनं सांगितलं, हा माल आम्ही नवा म्हणून दुकानांना दिलेला नाही. पकडलं कशानं? सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टशिवाय आणखी एक वही असते, फार्म लॉग. स्मार्ट पुसणाऱ्यांनी ती पुसलेली नव्हती. स्मार्टसीटीएल नावाचं फुकटचं टूल आहे, त्याच्या ७.४ आवृत्तीपासून हा लॉग वाचता येतो. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर समजून जा.

व्यापाऱ्याला काय विचारायचं? प्रत्येक नगाच्या लेबलचा फोटो मागा, त्यावर सिरीयल नंबर आणि बनवल्याची तारीख असते. सिरीयल कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. मोठ्या कंपन्यांना थेट पुरवलेला माल असला तर तिथं वॉरंटी नाहीच असं येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त दुकानाच्या वॉरंटीवरच सगळी भिस्त आहे एवढं कळतं. आणि "टेस्टमध्ये एक जरी पेंडिंग सेक्टर (वाचताना अडखळलेला डिस्कचा तुकडा) निघाला तर बदलून देणार का, कुरिअर कोणाचं" हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.

डिस्क आली की एक फाइलही टाकू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलमध्ये स्मार्टचे आकडे उघडून फोटो काढून ठेवा. मग सगळी डिस्क एकदा लिहून, एकदा वाचून काढा. मी लिनक्सवर बॅडब्लॉक्स नावाचं टूल चालवतो. १२ टीबीला ब्लॉक साइज ४०९६ द्या, नाहीतर मूळ सेटिंगवर ते एवढे ब्लॉक मोजूच शकत नाही आणि एरर देऊन थांबतं. एका फेरीला १७-१८ तास लागतात. पूर्ण टेस्ट चार वेळा लिहिते, चार वेळा वाचते, म्हणजे सहा दिवस. तुम्हाला एकदा लिहिणं आणि एकदा वाचणं पुरे. मग परत तेच आकडे बघा: ०५, सी५, सी६ या ओळी, म्हणजे बदललेले, पेंडिंग आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. शून्य होत्या आणि शून्यच राहिल्या तर ठेवा. सी७ वाढला तर आधी केबल बदला, तो बहुतेक वेळा वायरचा दोष असतो.

---

मिरज जंक्शन

वरच्या दादांनी सगळं सांगितलं, मी फक्त माझी दोन शहाणपणं सांगतो, पैसे मोजून घेतलेली.

पहिलं: 'सॅस' की 'साटा' ते विचारा, म्हणजे डिस्कचा कनेक्टर सर्व्हरचा की घरच्या कॉम्प्युटरचा. मी १० टीबीच्या चार घेतल्या, फारच स्वस्त मिळाल्या म्हणून घरात पेढे वाटायचे बाकी होते. पार्सल फोडलं तर कनेक्टरच्या मधली खाच बुजलेली, साटाची वायर आत जाईना. सॅस. त्याला वेगळं कार्ड लागतं. कार्ड मागवलं तर डिस्क दिसतात पण फॉरमॅट होईनात, सेक्टर ५२० बाइटचे. मोठ्या स्टोरेजच्या पेटीतून निघालेल्या होत्या. ते ५१२ ला आणायला एकेका डिस्कला रात्र गेली. बायको म्हणाली, एवढ्या वेळात दुसरी नोकरी लागली असती.

दुसरं: साटा आली आणि फिरलीच नाही तर मेली म्हणून परत पाठवू नका. काही नव्या एंटरप्राइझ डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, ती सोय मोठ्या सर्व्हरसाठी केलेली आहे. आपला साधा एसएमपीएस तिथं ३.३ देतो. मोबाइल रिपेअरवाल्याकडची पिवळी कॅप्टॉन टेप त्या पिनवर लावायची, तिळाएवढा तुकडा, चिमट्यानं. झालं. यूएसबी डॉकमध्ये बहुधा ही भानगड येत नाही. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारी ती ओतीव प्लास्टिकची वायर मात्र लावू नका, ती जळते. माझी जळलेली नाही, पण वास आला होता.

---

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

मी विरुद्ध पार्टीची. माझा साताऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. रिफर्बिश्ड ८ टीबी घेतली, पाचव्या महिन्यात गेली. अर्धवट गेली, म्हणजे दिसायची, पण फोल्डर उघडलं की कॉम्प्युटर गोठायचा. फाइल परत काढायचं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं, तर माझ्या फोटोंच्या मधून मधून दुसराच माल निघायला लागला: कुठल्या तरी किराणा दुकानाच्या काउंटरचं सीसीटीव्ही. एक माणूस दिवसभर साखर मोजतोय. म्हणजे विकणाऱ्यानं ती धड पुसलीही नव्हती, तपासणं तर लांबच. व्यापारी माणूस सभ्य, चार दिवसांत दुसरी डिस्क पाठवली, हसतमुखानं. रिकामी.

सर्व्हरवाले दादा आता टक्केवारी सांगतील म्हणून आधीच विचारते. काका, तुम्ही कॅसेटी गिऱ्हाइकांना परत करता ना? मग परत केल्यावर ते त्यांचं काय करतात?

---

कुपवाडचा सर्व्हरवाला

सांगणारच होतो, ताई. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन बॅकअप कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. २०२४ मध्ये वर्षाला बाद होण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं, आणि त्यांच्याकडं कित्येक वर्षं चाललेल्या डिस्कही आहेत. म्हणजे जुनी झाली की मेलीच असं नाही.

पण एक कबूल करतो. ते आकडे एकदा बसवल्या की जागेवरून न हललेल्या डिस्कचे आहेत. आपल्याकडं येणारी डिस्क रॅकमधून ओढून काढलेली, गोणीत टाकलेली, बोटीतून आलेली आणि शेवटी कुरिअरवाल्यानं गेटवरून अंगणात फेकलेली असते. तिला तो दीड टक्का जसाच्या तसा लागू नाही.

---

गावभागकर (सांगली)

ताई, तुमच्या प्रश्नानं रात्रभर झोप नाही. कॅसेटी परत देतो. आणि खरं सांगायचं तर लोक टाकून देतात. "आता पेनड्राइव्हवर आलं ना," म्हणतात. परवाच एकानं माझ्या पायरीवरच विचारलं, हे भंगारात कोण घेतं का? आणि ज्यांच्याकडं असतील त्यांची पुन्हा उतरवायला यंत्र कुठलं? जगातला व्हीसीआर बनवणारा शेवटचा कारखानदार, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबला. माझ्याकडं तीन आहेत, त्यातला एक दुसऱ्या दोघांसाठी सुट्या भागांचं दुकान. म्हणजे माझ्याकडची फाइल हीच आता मूळ प्रत, हे कधी असं डोक्यात आलंच नव्हतं. मी आपला पेनड्राइव्ह हरवणाऱ्यांची सोय बघत होतो.

तर चारी जुन्या घ्यायचा विचार सोडला. मूळ फाइलींसाठी दोन नव्या, कॉपीसाठी दोन जुन्या. सत्त्याऐंशी हजार. नव्यातली एक आत्ता, दुसरी दिवाळीनंतर जमेल तशी.

व्यापाऱ्याला फोन केला. विचारलं, तास शून्य कसे? म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकाला शून्य बघायला आवडतं, सगळेच करतात." इतक्या सरळ बोलला की राग येईना. म्हटलं, मला शून्य न केलेल्या द्या. तर म्हणाला, तशा वेगळ्या ठेवत नाही. शेवटी बदलून देण्याचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं आणि दोन मागवल्या. एक सीगेट, एक दुसऱ्या कंपनीची. मुद्दाम वेगवेगळ्या, एकाच खोक्यातल्या दोन्ही एकदम जायला नकोत.

एक शंका. हवेऐवजी हेलियम वायू भरलेल्या डिस्क सीलबंद असतात म्हणे. मग पुरात त्या टिकतील का?

---

मिरज जंक्शन

काका, आत पाणी जाणार नाही, पण बाहेरचं सर्किट आणि कनेक्टर चिखलात चार दिवस राहिल्यावर काय करणार? तुमची जुनी ४ टीबी हवेवरची असणार, तिला श्वास घ्यायला भोक असतं, तिथूनच पाणी शिरलं. सीलवर भरोसा ठेवू नका, जिना चढा.

---

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

जिनाही नको. सांगलीच्या बाहेर ठेवा एक सेट. कोणी नातेवाईक असेलच.

---

गावभागकर (सांगली)

बहीण तासगावला आहे. तिच्या देवघराच्या कपाटात जागा आहे म्हणाली, फक्त बेदाण्याच्या डब्यांवर ठेवू नका एवढीच अट.

आता हकीकत. पार्सल आलं, बबल रॅप व्यवस्थित. भाच्यानं लिनक्सचा पेनड्राइव्ह करून दिला. सीगेटचं स्मार्ट म्हणतं ९ तास. फार्म लॉग म्हणतो ३४ हजारांच्या वर. भाच्यानं भागाकार केला, रात्रंदिवस चालली असं धरलं तरी चार वर्षांच्या घरात. बिचारी! पण लिहून-वाचून झालं, ०५, सी५, सी६ सगळीकडं शून्य. ठेवली.

दुसरीनं मात्र घाम काढला. लावल्यापासून दर पाच सेकंदांनी टक्. टक्. टक्. मी घड्याळ लावून मोजलं. रात्री दोनदा उठून कान लावला. त्यात तेरा तास लिहून झाल्यावर लाइट गेली, इन्व्हर्टर फक्त पंख्या-दिव्यांना, पुन्हा पहिल्यापासून. आता टेस्ट संपल्ये आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी५ समोर शून्यांच्या रांगेच्या शेवटी १० दिसतंय. लावताना नव्हतं, फोटो आहे. टक् टक् मुळेच ना हे? दहा म्हणजे फार आहेत का?

---

कुपवाडचा सर्व्हरवाला

काका, टक् टक् निर्दोष आहे. काही एंटरप्राइझ डिस्क मोकळ्या असल्या की दर पाच सेकंदांनी वाचण्या-लिहिण्याचं हेड मुद्दाम हलवतात, एकाच जागी झीज होऊ नये म्हणून. ती तशीच असते, नवीसुद्धा.

आणि ते दहा नाही, सोळा आहेत. तिथले कच्चे आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत दिसतात, सेटिंगमधून बदलता येतं. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर दाखवतात ५१२ चे आठ, म्हणून हा आकडा पुष्कळदा आठाच्या पटीत येतो. बहुधा दोन जागा खराब आहेत.

दोन जागा म्हणजे १२ टीबीत काहीच नाही, असं व्यापारी म्हणेल. ऐकू नका. कोऱ्या लिहिण्या-वाचण्यातच जी अडखळली ती पुढं वाढवत जाण्याची शक्यता जास्त. परत करा.

---

गावभागकर (सांगली)

केली परत. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, लेबलचा फोटो, सगळं पाठवलं. दोन तास निळी टिक आणि उत्तर नाही, मग "भेज दो". कुरिअरचे ४२० माझ्याच खिशातून, ते लिहून घ्यायला विसरलो होतो, दादा. बदलीची आली. हिचं स्मार्ट शून्य तास म्हणतं. फार्म नाही, कारण कंपनी वेगळी, त्यामुळं खरं वय देवालाच ठाऊक. पण लेबलवर २०१८ छापलंय. टेस्ट शून्यावर सुटली. ही पण टक् टक् करते, आता सवय झाली. घरातली म्हणतात, जुनं भिंतीचं घड्याळ परत आल्यासारखं वाटतं.

पहिली नवी डिस्क काल आली, पक्क्या बिलासह, कंपनीची पाच वर्षं वॉरंटी. वॉरंटी साइटवर दिसते, फार्ममध्येही तास दोनच आहेत. तरी तिच्यावरही तीच टेस्ट लावलीये. शेजाऱ्याकडून संध्याकाळपुरता यूपीएस मागून आणलाय. आत्ता ३१ टक्के.